शंभर किलोमीटरला किती युनिट? गोव्यात पहिली विजेची गाडी घेताना

शोरूममध्ये पाऊल टाकलं की सेल्समन पहिल्या दोन मिनिटांत रेंज सांगतो. अडीचशे किलोमीटर, सव्वातीनशे किलोमीटर. ऐकून घ्या, मान डोलवा आणि मग विचारा, "शंभर किलोमीटरला भिंतीतून किती युनिट ओढते?" बहुतेक जण इथे अडखळतात. उत्तर मिळालं नाही तरी चालेल. ते तुम्हाला पुढे स्वतःच काढायचं आहे, आणि तो एकच आकडा हाती आला की बिल, प्रदूषण, घाट, सोलर असे बाकीचे सगळे हिशेब त्यातून निघतात.

मी राहते फोंड्यात, नोकरी पणजीत. फर्मागुडी, बाणस्तारी, जुने गोवे करत जाऊन-येऊन साठ किलोमीटर. तीन वर्षांपूर्वी २४ युनिटच्या बॅटरीची छोटी हॅचबॅक घेतली. तेव्हा जे कोणी सांगितलं नाही आणि चुकत चुकत कळलं, ते इथे लिहिते आहे.

पहिलं काम: रेंज विसरा, युनिट मोजा

युनिट म्हणजे एक किलोवॉटचं उपकरण तासभर चालवायला लागणारी वीज. दोन किलोवॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट. माझ्या गाडीची बॅटरी २४ युनिटची, म्हणजे तो गिझर बारा तास चालेल एवढी वीज तिच्या पोटात मावते.

कंपनीची रेंज खोटी नसते, पण ती प्रयोगशाळेतली असते. गाडी रोलरवर उभी करून ठरावीक वेगाच्या चक्रात चालवतात. त्यात मे महिन्यातला घाम नसतो, फर्मागुडीचा चढ नसतो, मागच्या सीटवर तीन पाहुणे आणि डिकीत नारळाचं पोतं नसतं. छापील आकड्याच्या ६५ ते ७५ टक्के धरून चाला, फसगत होणार नाही.

चार्जिंगच्या सॉकेटआधी इलेक्ट्रिशियनकडून एक साधा सबमीटर बसवून घ्या. शेजारी खिळ्याला एक वही आणि पेन. आठवड्यातून एकदा, गाडी पूर्ण चार्ज झाल्यावर, दोनच आकडे लिहायचे: सबमीटरचं रीडिंग आणि गाडीचे किलोमीटर. माझ्या वहीतली एक ओळ: ३८.४ युनिट, २९६ किलोमीटर. म्हणजे शंभराला १३. त्याच आठवड्यात गाडीच्या पडद्यावर मात्र शंभराला ११.२ दिसत होतं. कोणीच खोटं बोलत नाही. पडदा बॅटरीतून किती वीज बाहेर पडली ते सांगतो, सबमीटर भिंतीतून किती गेली ते. मधली तफावत चार्जर आणि बॅटरी तापण्यात जाते, आणि चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीतली जी इलेक्ट्रॉनिक्स जागी असते तीही आपला वाटा घेते. बिल भिंतीचं येतं, म्हणून आपला आकडा भिंतीचा.

छोट्या हॅचबॅकला १२ ते १४, मध्यम एसयूव्हीला १६ ते १९ हे गोव्यातल्या वापरात रास्त समजा. विजेच्या स्कूटरला तीन-साडेतीन पुरतात. ही स्कूटर लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पेट्रोलशी तुलना, पण पूर्ण

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिटइतकी ऊर्जा असते. लिटरला १६ किलोमीटर देणारी गाडी शंभर किलोमीटरला सव्वासहा लिटर पिते, म्हणजे ५६ युनिटची ऊर्जा. माझी गाडी तेच अंतर १३ युनिटमध्ये कापते. चौपटीहून जास्त फरक. कारण सरळ आहे: इंजिनमध्ये जळलेल्या पेट्रोलचा साधारण पाव भाग चाकाला पोचतो, बाकीचं रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जातं. मोटर मात्र बॅटरीतून आलेल्या विजेचा ८० ते ९० टक्के भाग चाकाला देते, आणि ब्रेक मारताना थोडी परतही घेते.

विजेच्या गाडीचे भक्त इथे थांबतात. तुम्ही थांबू नका. ती १३ युनिटं कोळशातून आली असतील तर ती बनवताना किती उष्णता जळाली? वाटेतली गळती धरून वीजकेंद्रातून साडेचौदा युनिट निघाली असं धरा. कोळशाच्या केंद्रात जळलेल्या उष्णतेचा साधारण ३५ टक्के भाग वीज होऊन बाहेर येतो. म्हणजे कोळशाची उष्णता झाली ४० युनिटच्या घरात. आता तुलना १३ विरुद्ध ५६ अशी नाही, ४० विरुद्ध ५६ अशी आहे. पेट्रोललाही विहिरीतून काढायला, शुद्ध करायला, टँकरने आणायला ऊर्जा लागते, ती मिळवली की पलीकडचा आकडा पासष्टीच्या आसपास जातो. गाडी अजूनही पुढेच आहे, पण चौपट नाही, दीडपट. हा आकडा मला जास्त प्रामाणिक वाटतो.

पैशांचा हिशेब मात्र एकतर्फी आहे. फक्त एक चूक करू नका. आपलं घरगुती बिल टप्प्यांचं असतं: पहिली युनिटं स्वस्त, वरची महाग. गाडीची युनिटं घरच्या वापराच्या वर चढतात, म्हणून त्यांना बिलाचा सरासरी दर लावू नका, शेवटच्या टप्प्याचा लावा. समजा तो सहा रुपये पडला, तर शंभर किलोमीटरला ७८ रुपये. पेट्रोलचे सव्वासहा लिटर आजच्या भावाने सहाशेच्या घरात जातात. वीज दुप्पट महाग झाली तरी गणित बदलत नाही.

ही वीज येते कुठून

शेजारच्या काकांनी गाडी आली त्याच दिवशी विचारलं होतं, "गो, ही कोळशावर चालते म्हणे?" तेव्हा मी रागावले. आता म्हणते, हो काका, बरीचशी.

गोव्यात म्हणण्यासारखी वीज तयार होत नाही. सांकवाळला एकेकाळी नाफ्थ्यावर चालणारा ४८ मेगावॉटचा खासगी प्रकल्प होता, तो आता राज्याला वीज देत नाही. साळगावच्या कचरा प्रकल्पातल्या बायोगॅसची थोडी, छपरांवरच्या पॅनेलची थोडी, बस्स. बाकी सगळी बाहेरून. आपलं वीज खातं ती विकत घेतं आणि वाटतं. वाटा मुख्यतः एनटीपीसी या केंद्र सरकारच्या वीजकंपनीच्या प्रकल्पांतला: छत्तीसगडातलं कोरबा आणि मध्य प्रदेशात सिंगरौलीजवळचं विंध्याचल ही त्यातली जुनी नावं. दोन्ही कोळशावरची. विंध्याचल तर ४,७६० मेगावॉटचं, देशातलं सगळ्यात मोठं औष्णिक केंद्र. काक्रापार आणि तारापूरच्या अणुकेंद्रांतूनही थोडा वाटा असतो.

ती आपल्यापर्यंत पोचते दोन मोठ्या दारांनी. कोल्हापूरकडून आलेली ४०० केव्हीची लाइन म्हापशाजवळ कोलवाळच्या सबस्टेशनात उतरते, आणि कर्नाटकातल्या अंबेवाडीहून २२० केव्हीची लाइन फोंड्यात. म्हणून सह्याद्रीत एखाद्या पावसाळी रात्री एक टॉवर रुसला की इकडे अर्धा तालुका मेणबत्त्या शोधतो. आखलेलं तिसरं दार म्हणजे तामनारचा वीजवाहिनी प्रकल्प. त्यातलं सांगोडचं सबस्टेशन आणि मोलेच्या जंगलातून जाणारी लाइन यांच्यासाठीच्या झाडतोडीवरून २०२०मध्ये गोव्यात मोठं आंदोलन झालं. स्वच्छ गाडीचा धूर पणजीत दिसत नाही, तो कोरब्याच्या राखेत आणि मोलेच्या झाडांत असतो, एवढं भान असलेलं बरं.

"माझ्या गाडीत नेमकी कुठली वीज गेली?" याला उत्तर नाही. ३१ डिसेंबर २०१३ला दक्षिणेची ग्रिड बाकीच्या देशाशी जोडली गेली, तेव्हापासून सगळा देश एकाच ५० हर्ट्झच्या ठेक्यावर चालतो. अंदमान-लक्षद्वीप सोडा, कच्छची पवनचक्की आणि कोरब्याचा बॉयलर एकाच तळ्यात पाणी ओततात, आपण त्यात तांब्या बुडवतो. तांब्यात काय आहे ते तळ्यात काय आहे त्यावरून ठरवायचं.

तळ्यात काय आहे? इथे बातम्या वाचताना एक घोळ होतो. २०२५च्या मध्यात देशाच्या एकूण स्थापित क्षमतेपैकी निम्मी कोळसा-वायूविरहित झाली, ही बातमी खरी आहे. पण क्षमता म्हणजे उत्पादन नव्हे. सौर पॅनेल रात्री झोपतात, कोळशाचं केंद्र चोवीस तास चालू शकतं. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून सुमारे तीन चतुर्थांश आहे. त्यामुळे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबात एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो.

आता आपला आकडा घ्या. साडेचौदा युनिट गुणिले ०.७, म्हणजे शंभर किलोमीटरला दहा किलो. कोळशाच्या एका युनिटला सहा-सातशे ग्रॅम कोळसा आणि चारांतली तीन युनिटं कोळशाची धरली, तर माझ्या गाडीच्या प्रत्येक शंभर किलोमीटरमागे कुठेतरी सात किलो कोळसा जळतो. पाटीभर. पेट्रोलच्या गाडीचं काय? लिटरमागे २.३ किलो, म्हणजे सायलेन्सरमधून साडेचौदा किलो, आणि शुद्धीकरण-वाहतूक धरून सतरा. फरक शंभर किलोमीटरला साडेसहा-सात किलोचा.

पण गाडी कारखान्यातून निघताना डोक्यावर कर्ज घेऊन निघते. बॅटरी बनवताना प्रत्येक युनिट क्षमतेमागे साधारण ६० ते १०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. २४ युनिटच्या बॅटरीचं ते दीड ते अडीच टन. शंभर किलोमीटरला साडेसहा किलो या दराने फेडायला २२ ते ३७ हजार किलोमीटर लागतात. मी वर्षाला अठरा हजार चालवते, माझं कर्ज सव्वा ते दोन वर्षांत फिटलं. काकांची जुनी पेट्रोल गाडी वर्षाला चार-पाच हजार चालते: सकाळी बाजार, सोमवारी मंगेशी, कधीतरी लेकीकडे मडगावला. त्यांनी विचारलं, "मी पण घेऊ?" मी सांगितलं, काका, तुम्ही आहे ती चालवा, आणि बाजाराला विजेची स्कूटर घ्या. शोरूमवाल्यांना हे आवडणार नाही, पण दारात उभी राहणारी विजेची गाडी ही काही पर्यावरणाची सेवा नव्हे. ५० युनिटची बॅटरी घेऊन रोज दहा किलोमीटर जाणं हे तर मला लग्नाची पातेली काढून एका माणसाचा भात लावल्यासारखं वाटतं.

दुसरं काम: वेळ निवडा

तळ्यातलं पाणी दिवसभर सारखं नसतं. भर दुपारी देशभरातली सौर वीज जोरात असते. संध्याकाळी सूर्य मावळतो आणि नेमक्या त्याच वेळी घराघरांत दिवे, एसी, मिक्सर सुरू होतात. सात ते दहा ही सगळ्यात वाईट वेळ: तेव्हा वाढलेली मागणी मुख्यतः कोळसाच भागवतो, आणि आपल्या वाड्यावरच्या ट्रान्सफॉर्मरवरही तेव्हाच ताण असतो. केंद्राच्या सप्टेंबर २०२४च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही सार्वजनिक चार्जिंगसाठी सकाळी ९ ते दुपारी ४ हे सौर तास धरून त्या वेळचा दर कमी ठेवायला सांगितलं आहे.

ऑफिसात दुपारी चार्ज करता आलं तर उत्तम. नाहीतर रात्री अकरानंतर. घरी आल्याआल्या प्लग लावायची सवय लागते, ती लागू द्या, पण गाडीच्या ॲपमध्ये टायमर लावून ठेवा. जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्याकडच्या राज्यांत वाऱ्याची वीज जोरात असते, त्यामुळे पावसाळ्यात रात्रीचं चार्जिंग तितकं काळं नसतं.

तिसरं काम: घरची वायरिंग, आणि सगळ्यात आधी अर्थिंग

इथे घाई करू नका. पैसे वाचवायचे असतील तर गाडीच्या मॉडेलमध्ये वाचवा, इथे नको.

आधी गरज ओळखा. माझं रोजचं साठ किलोमीटर म्हणजे आठ युनिट. साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटमधून तीन किलोवॉटने ती तीन तासांच्या आत भरतात. तरीही मला ७.२ किलोवॉटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा वेगवान चार्जर, विकायचा प्रयत्न झाला होता. तो घेतला असता तर मंजूर भार वाढवायला वीज खात्यात अर्ज, जाड केबल, कदाचित नवा मीटर. रोज दीडशे किलोमीटर फिरणाऱ्याला तो हवा, मला नको. तुमचा मंजूर भार बिलावर छापलेला असतो, तो बघा. त्यात पंप, गिझर आणि गाडी एकाच वेळी बसत नसतील तर भारवाढीचा अर्ज गाडी बुक करतानाच करून टाका.

सॉकेटला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन हवी, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच. आरसीसीबी 'ए' टाइपचा मागा, दुकानदार सवयीने 'एसी' टाइप काढून देतो. सॉकेट नवं आणि चांगल्या प्रतीचं घ्या. इस्त्री दहा मिनिटं वीज ओढते, गाडी सलग तीन तास. स्वस्त सॉकेट आतून वितळतं. पहिल्या दिवशी तासाभराने प्लगला हात लावून बघा: कोमट ठीक, चटका बसला तर बंद.

आणि अर्थिंग. गाडीचा चार्जर सुरू होण्याआधी अर्थिंग तपासतो आणि नसेल तर हटून बसतो. माझा पहिला चार्जर ऑगस्टपासून मार्चपर्यंत छान चालला आणि एप्रिलच्या मध्यात लाल दिवा दाखवून बंद पडला. सर्व्हिस सेंटर म्हणे घरात दोष, इलेक्ट्रिशियन म्हणे गाडीत दोष. तिसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला, सॉकेट उघडलं, दोन मिनिटांत बंद केलं. "झालं ताई." हिरवा दिवा लागला. मी खूश. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कामासाठी आलेल्या एका जाणत्या मेस्त्रीने ते सॉकेट उघडलं आणि माझ्याकडे बघतच राहिला. पहिल्याने न्यूट्रल आणि अर्थ आतल्या आत तारेच्या तुकड्याने जोडून टाकले होते. चार्जर फसला होता, दोष तसाच होता. अशा घरात बाहेर खांबावर न्यूट्रल तुटला, तर गाडीच्या पत्र्यात वीज उतरू शकते. ओल्या पायांनी दार उघडणाऱ्या माणसाला ते कळणारही नाही.

खरा दोष जमिनीत होता. आपल्याकडे बहुतेक घरं जांभ्यावर. पावसात जांभा ओला असतो, तेव्हा अर्थिंग ठणठणीत. एप्रिल-मेमध्ये तोच दगड कोरडा ठाक पडतो आणि विजेला जमिनीत शिरायला वाट देत नाही. म्हणून अर्थिंग पावसाळ्यात तपासून उपयोग नाही, मे महिन्यात तपासा, मीटर लावून, पाच ओहमच्या खाली यायला हवं. माझं एकोणीस आलं. न्हाणीघराचं पाणी जिथे मुरतं तिथे दुसरा पिट खणला, दोन्ही पिट पट्टीने जोडले, आता तीन-साडेतीनवर असतं. समुद्राजवळ राहत असाल तर उलटी तऱ्हा: जमीन ओली, पण खाऱ्या हवेने पट्टी आणि नटबोल्ट गंजून जातात. दोन वर्षांतून एकदा झाकण उघडून बघाच.

फ्लॅटवाल्यांनी आधी सोसायटीशी बोलावं, मग शोरूमशी. पार्किंगपर्यंत स्वतःच्या मीटरवरून लाइन आणता येते का, नाहीतर गाडीसाठी वेगळं कनेक्शन, हे लेखी ठरल्याशिवाय टोकन देऊ नका.

छपरावर ऊन असेल तर

कोरब्याशी नातं कमी करायचा हा सगळ्यात सरळ रस्ता. एक किलोवॉटचं पॅनेल वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चार युनिट देतं. जुलैत ती निम्म्यावर येतात, कधी त्याहून खाली. माझ्या गाडीला महिन्याला दोनशे युनिट लागतात, म्हणजे पावणेदोन किलोवॉट नुसते गाडीसाठी. मी तीन किलोवॉट बसवले. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान आहे.

दिवसा ऊन फोंड्याच्या छपरावर आणि गाडी पणजीच्या पार्किंगमध्ये, मग उपयोग काय? उपयोग नेट मीटरचा. दुपारी माझी वीज शेजाऱ्यांच्या पंख्यात जाते, रात्री मी ग्रिडकडून परत घेते, बिल फरकाचं येतं. पुस्तकात गाडी सोलरवर, प्रत्यक्षात रात्रीच्या कोळशावर, पण दुपारी तेवढाच कोळसा कुठेतरी वाचलेला असतो. रविवारी गाडी घरी असते, तेव्हा मी दुपारीच प्लग लावते.

माडांची सावली बघा. एका पॅनेलवर पडलेली सावली पूर्ण ओळीचं उत्पादन खाली ओढते, आणि चुडत पडलं तर काच जाते. आणखी एक गोष्ट लोकांना बसवल्यावर कळते: लाइन गेली की हे पॅनेलही बंद. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. बाहेर लख्ख ऊन आणि घरात अंधार, हे दृश्य सोसायचं असेल तर सोसा, नाहीतर बॅटरीवाली यंत्रणा घ्या, महाग पडते.

चालवताना

एसी साधारण एक किलोवॉट ओढतो, गाडी पळो की उभी राहो. ताशी साठने जाताना किलोमीटरमागे त्याचा भार थोडा, मेरशीच्या कोंडीत ताशी वीसने सरकताना तिप्पट. तरी कोंडीत तासभर अडकलात तर एक युनिट गेलं, सात-आठ किलोमीटरचं. पेट्रोलचं इंजिन तेवढ्यात पाऊण लिटर जाळतं. तेव्हा घामाघूम होऊन वीज वाचवू नका.

वेग मात्र जपा. साठवरून नव्वदवर गेलात की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. राष्ट्रीय महामार्गावर तो आकडा शंभराला १३ वरून १६-१७ वर सहज चढतो.

घाटाचा धसका सगळ्यांना असतो, त्याचा हिशेब करून बघू. बेळगावला निघालो, केरीपासून चोर्ला घाट. चौघे आणि सामान धरून गाडी दीड हजार किलो, चढ सुमारे सातशे मीटर. नुसतं वजन तेवढं वर उचलायला २.९ युनिट लागतात, मोटरमधली गळती धरून ३.३. म्हणजे २४च्या बॅटरीतला १४ टक्के हिस्सा फक्त उंचीसाठी, रस्त्याचा खर्च वेगळा. पडद्यावरची रेंज भराभर घसरते, पोटात गोळा येतो, पण वर पोचल्यावर घसरण थांबते. येताना तीच उंची परत मिळते, पूर्ण नाही, दोनेक युनिट. उतारावर रिजनरेशन, म्हणजे ब्रेकची वीज परत घेणं, वरच्या पायरीवर ठेवा, ब्रेक पॅडही वाचतात. घाटाच्या पायथ्याशी ४० टक्क्यांच्या खाली असाल तर आधी चार्ज करा, वर जंगलात चार्जर शोधत बसायची वेळ येऊ नये.

बाहेरच्या वेगवान डीसी चार्जरला सीसीएस-२ प्रकारची गन, म्हणजे गाडीत खुपसायचा प्लग, असते, आपल्या बाजारातल्या बहुतेक गाड्यांना तीच लागते. दर घरच्यापेक्षा बराच चढा आणि वर १८ टक्के जीएसटी. ऐंशी टक्क्यांनंतर चार्जिंग मंदावतं, तेव्हा गाडी काढून मागच्याला जागा द्यावी. रोजच्या चार्जिंगला किती टक्क्यांवर थांबायचं ते बॅटरीच्या आतल्या रसायनावर अवलंबून (एलएफपी आणि एनएमसी हे त्याचे दोन प्रकार): एलएफपी असेल तर आठवड्यातून एकदा पूर्ण शंभर केलेलं चांगलं, एनएमसी असेल तर रोज ऐंशीला थांबा. कुठली आहे ते बुक करतानाच विचारून घ्या.

पावसाळा

बॅटरीचा डबा आयपी-६७ दर्जाचा असला तर मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतो, असं त्या दर्जाचं म्हणणं. गाडी नदीत घालायला ती परवानगी नव्हे. रस्त्याच्या कडेचा दगड दिसेनासा झाला की परत फिरा. चार्जिंगची वायर जमिनीवर पाण्यात लोळू देऊ नका, जोड कायम उंचावर टांगलेला.

पाण्यापेक्षा मला विजांची भीती जास्त. मेअखेरीला आणि ऑक्टोबरात, परतीच्या पावसात, संध्याकाळी कडकडाट होतो तेव्हा लाइनीवरून झटके येतात. बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवला आहे, तरी प्लग काढलेला बरा. ढग गडगडायला लागले की मी आधी गच्चीवरचे कपडे काढते आणि मग प्लग. क्रम उलटा हवा, हे कळतं.